हैबतीची सनई

डोंगराच्या कुशीतल्या एका गावात हैबती नावाचा सनईवाला राहत असे. रोज पहाटे तो भैरोबाच्या देवळात सनई वाजवी, मग काकडआरती होई. हा मान त्याच्या घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या होता.

एकदा राजाने दसऱ्याच्या दरबारात वाजवायला गावोगावचे वाजंत्री बोलावले. हैबती भैरोबाचा अंगारा लावून मोठ्या उमेदीने गेला. सुरुवात चांगली झाली. पण सूर चढवताना त्याचा दम तुटला आणि सनई चिरकली. सारा दरबार हसला. हैबती मान खाली घालून उठला आणि तसाच गावी परतला.

घरी न जाता तो आधी देवळात गेला. भैरोबाला म्हणाला, "आजवरचा माझा प्रत्येक श्वास तुझ्यासाठी होता. मला गरज पडली तेव्हा तुला एक श्वास देववला नाही. आता तुझी-माझी फारकत."

सनई फडक्यात गुंडाळून त्याने घरच्या आढ्याला खोचून ठेवली. पहाटेचे देऊळ मुके झाले. पुजाऱ्याने समजावून पाहिले, गावकऱ्यांनी विनवले, पण हैबती बधला नाही. त्याची बायको साळू मात्र त्याला रोजच्यासारखी भाकरी वाढत राहिली. माणूस दुखावलेला आहे, हे तिला ठाऊक होते.

मग एके दिवशी ठकूबाई बुरूडीण त्याच्या दारी आली. ओढ्यापलीकडच्या बुरूडवाड्यात टोपल्या विणून तिने एकटीने मुलगी वाढवली होती. मुलीचे लग्न ठरले होते आणि ठकूबाईची एकच हौस होती, मांडवात सनई वाजावी.

हैबती म्हणाला, "माझ्यात आता दम राहिला नाही, ठकूबाई. भर दरबारात लोक मला हसले."

"आमच्याकडं कोण हसणार, दादा? आमच्या दारात सनई कधी वाजलीच न्हाई. बरी कुठली, वाईट कुठली, आम्हाला काय ठावं?"

हैबतीने विचारले, इतकी वर्षे मला बोलावले का नाही? तेव्हा ठकूबाईने खाली बघत सांगितले, की देवापुढची सनई बुरूडवाड्यात वाजली तर भैरोबा कोपेल, असे पाटील सांगतात.

हैबती विचारात पडला. तो भैरोबावर रुसला होता खरा. पण एका पोरीच्या लग्नातल्या सनईवर भैरोबा कोपेल, इतका कोत्या मनाचा तो असेल, हे काही त्याला पटेना. त्याने आढ्याची सनई खाली काढली.

लग्नाच्या दिवशी तो मांडवात बसून वाजवू लागला. सूर चढला आणि नेमका तिथेच पुन्हा दम तुटला. हैबतीने डोळे मिटून घेतले. आता लोक हसणार, असे त्याला वाटले. पण मांडव शांत होता. ठकूबाईने पाण्याचा तांब्या पुढे केला आणि ती म्हणाली, "घोटभर पाणी घ्या, दादा. आम्हाला घाई न्हाई." हैबती पाणी प्याला आणि पुन्हा वाजवू लागला. नवरी सासरी निघेपर्यंत तो थांबला नाही.

दुसऱ्या दिवशी पाटलांनी त्याला चावडीवर बोलावले. सगळ्या गावासमोर माफी माग, नाहीतर देवळाची पायरी चढू नकोस, असे त्यांनी बजावले.

हैबती हात जोडून म्हणाला, "पाटील, भैरोबावर मीही रागावलो होतो. तोंडाला येईल ते त्याला बोललो. पण त्याच्या नावानं खोटं कधी बोललो नाही."

पाटलांनी हुकूम मागे घेतला नाही. हैबतीचा मान गेला. ते त्याला लागले. त्या रात्री तो जेवला नाही. तरी पहाटे तो उठला, बुरूडवाड्यासमोर ओढ्याच्या काठी बसला आणि देवळाकडे तोंड करून त्याने सनई वाजवायला सुरुवात केली.

सूर ओढा ओलांडून देवळात पोचला. पुजारी आरती पेटवून थांबला. पुढे हा रोजचाच शिरस्ता झाला. पलीकडून सनई ऐकू आल्याशिवाय पुजारी आरती ओवाळीत नसे. पाटील रोज आरतीला येत. तेही हात जोडून थांबत. आरतीला उशीर का होतो, असे त्यांनी कधीच विचारले नाही.

तात्पर्य: अपयश आले म्हणून देवावर रुसणारा माणूस नास्तिक होत नाही, पण देवाच्या नावाने चाललेला अन्याय निमूट पाहत राहणाऱ्याची श्रद्धा अपुरीच राहते.