निळ्या तापाचा झरा

दाट रानाच्या कडेला, गवताच्या इवल्याशा खोपटात सोनकी नावाची एक चिमुरडी राहायची. आईवाचून तिला कुणी नव्हतं. एके दिवशी आईला असा ताप चढला की तिचे ओठ निळे पडले. तिच्या कपाळावरचं फडकं भिजवून आणायला सोनकी रानातल्या झऱ्याकडे धावली.

भर दुपार, लख्ख ऊन. पण एकही पाखरू बोलत नव्हतं. सोनकीनं फडकं पाण्यात बुडवलं, आणि त्यातून धुरासारखा निळा रंग सुटू लागला.

"घाबरू नकोस, बाळ," पाणीच बोललं.

पाण्यातून एक परी वर आली. तिच्या आरपार पलीकडची झाडं दिसत होती. अंगात तांबडे, हिरवे, दुधाळ धागे हळूहळू फिरत होते.

"डोंगराच्या पोटातलं लोखंड, तांबं, चुना," परी म्हणाली. "जे भेटेल ते मी विरघळवते नि सोबत नेते. तुला काय हवं?"

"आईचा ताप घेऊन जा, परीताई!"

"नेईन. पण मी फक्त वाहून नेते, संपवत नाही. आणि वाटेत अडवलंस, तर ताप परत आईकडे जाईल."

सोनकीनं मान डोलावली. निळा रंग विरत गेला. पाणी पुन्हा काचेसारखं नितळ झालं.

"गेला?"

"नाही. दिसत नाही, एवढंच."

तेवढ्यात वळणाखालून मुलांचं हसू ऐकू आलं. खालच्या वाडीतली पोरं पाणी प्यायला आली होती.

"ती प्यायली तर?" सोनकीनं विचारलं.

परीनं तिच्याकडे मान वळवली. तिच्या डोळ्यांना बुबुळं नव्हती.

सोनकी रडत रडत धावली. चिखल, धोंडे, हाताला लागेल ते तिनं प्रवाहात लोटलं. पाणी तुंबलं. त्यात आईचा चेहरा उमटला, निळाशार, थरथरता. मग ते पाणी सळसळत उलटं, चढावर, खोपटाकडे निघालं.

"आई गं!" सोनकी पाण्यामागे धावली.

"थांब," परी पाण्याला म्हणाली. पाणी थांबलं. "आजवर सगळ्यांनी नको असलेलं मला दिलंच, बाळ. पुढे ते कुणाच्या ओंजळीत जातं, हे कुणी पाहिलं नाही."

ते सगळं पाणी पदरात घेऊन ती तापलेल्या कातळावर जाऊन बसली.

"मी वाहिले नाही, तर ऊन मला उचलून नेईल. पण ऊन पाणीच तेवढं उचलतं. बाकीचं इथेच राहील. ते कोरडं ठेव."

परी विरळ झाली, लखलखली, आणि सोनेरी उजेडात मिसळून गेली. कातळावर चिमूटभर निळी पूड उरली. सोनकीनं ती पानात गोळा केली, पाऊस पोहोचणार नाही अशा कपारीत ठेवली नि वर दगड लोटला.

पानं वाजली. आई चालत येत होती! तिचे ओठ गुलाबी होते.

"सोने, तहान लागलीय गं."

झरा पुन्हा झुळझुळत होता, अगदी नितळ. सोनकीनं ओंजळ भरली. आईला देण्याआधी तिनं स्वतः एक घोट घेतला आणि डोळे मिटून वाट पाहिली.

पाण्याला कसलीच चव नव्हती.

"घे, आई," ती म्हणाली.