नजरेची राखण

एकदा एका सुताच्या व्यापाऱ्याने मोठ्या हौसेने एक गाडी घेतली, आणि त्या दिवसापासून त्याचे कुठेही धड पोहोचणे बंद झाले.

व्यापाऱ्याचे नाव सुकुमार मगदूम. राहणार इचलकरंजी. तरुणपणी वडिलांच्या मागावर त्याने काम केले, पुढे मोपेडच्या मागे सुताची बाचकी बांधून गल्लोगल्ली फिरला, आणि बावन्नाव्या वर्षी लाल रंगाची, जमिनीलगत बसणारी, दोनच माणसांची परदेशी स्पोर्ट्स कार दारात आणून उभी केली. हौस वावगी नव्हती. माणसाने कष्ट केले होते, कोणाला फसवले नव्हते. गाडी चालवताना तो सुखी असे. दुःख सुरू होई ते गाडी थांबवताना.

कारण गाडी थांबवली की ती सोडून जावे लागते. आणि सोडून गेले की स्कूटरवाले आहेत, शेजारच्या गाडीचे दार बेफिकिरीने उघडणारे आहेत, खांद्यावरची शिडी न बघता वळवणारे रंगारी आहेत, अंग घासायला गुळगुळीत जागा शोधत हिंडणाऱ्या म्हशी आहेत. सुकुमारला ही सारी सृष्टी आपल्या गाडीवर टपून बसल्यासारखी वाटू लागली. लग्नाला गेला तर कार्यालयापासून अर्धा किलोमीटर लांब, मोकळ्या जागी गाडी लावायचा आणि पंगतीतून दोनदा उठून बघून यायचा. त्याची पत्नी पद्मजा रेशमी साडी सावरत ते अंतर चालायची. चार लग्ने तिने हे सोसले. पाचव्या वेळी म्हणाली, "घरातून आपण दोघं निघतो, आणि जेवायला मी एकटी बसते. मी माझी गाडी घेऊन जाते. तुम्ही तुमच्या गाडीला घेऊन या."

सुकुमार तिच्यावर चिडला. खरे तर तो सगळ्यांवरच चिडलेला असे. लोकांना वस्तूची किंमत नाही, शिस्त नाही, डोळे नाहीत, असे तो दिवसातून दहा वेळा म्हणे.

गावातल्या वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर दर गुरुवारी संध्याकाळी एक वृद्ध शिक्षिका उपनिषदांवर बोलत. एक्याऐंशी वर्षांच्या. आयुष्यभर शाळेत संस्कृत शिकवलेले. सगळे त्यांना नुसते 'बाई' म्हणत. सुकुमार आठ वर्षांपासून त्यांचा विद्यार्थी होता, आणि त्याच्याच आग्रहाने आण्णाप्पाही तिथे येऊन मागच्या रांगेत बसू लागला होता. आण्णाप्पा म्हणजे सुकुमारच्या वडिलांच्या कारखान्यातला जुना जॉबर, बिघडलेले माग दुरुस्त करणारा. सुकुमारला धाग्याची गाठ मारण्यापासून सगळे त्यानेच शिकवलेले.

त्या वर्षी आण्णाप्पाच्या घशात गाठ निघाली. मिरजेतल्या एका रुग्णालयात त्याला ठेवले. डॉक्टरांनी सांगितले की जीव वाचेल, पण स्वरयंत्र काढावे लागेल. शनिवारी सकाळी शस्त्रक्रिया ठरली. त्यानंतर आण्णाप्पा बोलू शकणार नव्हता.

आण्णाप्पाच्या मुलीचा, सुमनचा, फोन आला. "बाबा तुमची आठवण काढतात. काहीतरी सांगायचंय म्हणतात. आणि ती लाल गाडी घेऊन या, खिडकीतून बघतो, असं म्हणालेत."

सोमवारी सुकुमार गेला. रुग्णालयाबाहेरचा रस्ता म्हणजे रिक्षा, फळांचे गाडे आणि रुग्णवाहिका यांची नुसती झुंबड. चाळीस मिनिटे तो घिरट्या घालत राहिला. शेवटी एक किलोमीटरवर लाकडाच्या वखारीच्या आवारात गाडी लावून चालत आला, तेव्हा भेटीची वेळ संपली होती. मंगळवारी वखार बंद. मग तो रस्त्याच्या कडेला गाडीपाशीच उभा राहिला आणि सुमनला खाली बोलावून सफरचंदांची पिशवी तिच्या हाती दिली. बुधवारी एक जागा मिळाली. तो धावत तिसऱ्या मजल्यावर गेला, आण्णाप्पाच्या खाटेशी बसला. आण्णाप्पाने त्याचा हात धरून म्हटले, "सुकू, तुज्या बाची एक गोष्ट सांगायची हाय." तेवढ्यात खाली कुठल्यातरी गाडीचा धोक्याचा भोंगा केकाटू लागला. सुकुमारने हात सोडवून घेतला, "आलोच" म्हणाला आणि जिना उतरला. भोंगा दुसऱ्याच गाडीचा होता. वर जाऊ दिले नाही, भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली होती.

परतताना तो संतापाने फणफणत होता. इतके मोठे रुग्णालय बांधतात आणि चार गाड्या नीट लावायची सोय करत नाहीत, याला काय म्हणावे.

गुरुवारी वाचनालयात बाई बोलत असताना तो तिसऱ्यांदा उठून खिडकीशी गेला, तेव्हा बाईंनी पुस्तक मिटले.

"सुकुमार, आण्णाप्पाला भेटलास?"

"तीनदा गेलो बाई," तो म्हणाला.

"मी किती वेळा गेलास ते विचारलं नाही."

सुकुमारने मग सगळे सांगितले. वखार, फळांचे गाडे, भोंगा. सांगता सांगता त्याचा आवाज चढला. बाकीचे विद्यार्थी खाली मान घालून बसले. बाईंनी चष्मा काढला, डोळे चोळले. मंदबुद्धी मुलांवर त्या कधी रागावल्या नव्हत्या. हुशार मुले मुद्दाम चुकीचा अर्थ लावत बसली की मात्र त्यांचा धीर सुटे.

"आठ वर्षं मी काय भिंतीला शिकवलं?" त्या म्हणाल्या. "उद्या मी तुझ्याबरोबर येते. त्याच गाडीतून. तीन वाजता घराशी ये."

शुक्रवारी बाई काठी सावरत, कण्हत त्या बुटक्या गाडीत बसल्या. रुग्णालयापाशी पोहोचले तेव्हा चार वाजत होते. फाटकाच्या आत भिंतीलगत एकच जागा रिकामी होती. पलीकडे भाजीचा टेंपो, आणि मागे रिक्षांची ये-जा.

"इथे नको," सुकुमार म्हणाला. "तुम्हाला उतरवतो. मी पुढे कुठेतरी बघून येतो."

"इथेच लाव."

"बाई, इथे पाच मिनिटं तरी सुरक्षित राहील का?"

"इथेच लाव," बाई पुन्हा म्हणाल्या, आणि दार उघडून उतरूही लागल्या. त्यांनी फाटकावरच्या रखवालदाराकडून प्लास्टिकची खुर्ची मागून घेतली, ती गाडीसमोर मांडली, डोक्यावरून पदर घेतला आणि काठी मांडीवर आडवी ठेवून बसल्या.

"हे काय?" सुकुमारने विचारले.

"मी गाडी राखते. तू वर जा. परत येईपर्यंत हिच्यावरची नजर हलवणार नाही, हा माझा शब्द. शब्द मोडल्याचं तू कधी ऐकलंयस?"

सुकुमार ओशाळला, आणि ओशाळल्यामुळे आणखी चिडला. एक्याऐंशी वर्षांची बाई उन्हात आपल्या गाडीची राखण करते, येणारे-जाणारे बघतात. त्याने दोनदा विनवले. बाईंनी काठीने जिन्याची दिशा दाखवली. अखेर तो गेला.

आण्णाप्पा उशीला टेकून बसला होता. आवाज घोगरा, तुटक झालेला. "आलास? बस. आज पळायचं न्हाई. उद्यापास्नं मी बोलणार न्हाई, तवा आज माजं ऐक."

सुकुमार खाटेच्या कडेला बसला. सवयीने त्याची मान खिडकीकडे वळली. खाली लाल गाडी दिसत होती. तिच्यासमोर पांढऱ्या लुगड्यातली बारकी आकृती ताठ बसली होती. बाईंनी शब्द दिला होता, म्हणजे गाडीला काही होणार नव्हते. त्याने मान आत वळवली.

"तू एकोणीस वर्साचा हुतास," आण्णाप्पा सांगू लागला. "माग चालवायला बसलास. धागा तुटायचा, तुला गाठ जमायची न्हाई. रडायचास. तुजा बा कदी तुला चांगलं म्हणाला न्हाई. खरं का न्हाई?"

"खरं आहे," सुकुमार म्हणाला. वडिलांच्या तोंडून शाबासकीचा एक शब्द त्याने ऐकला नव्हता. वडील जाऊन वीस वर्षे झाली होती. मोठे घर झाले, दुकान झाले, ही गाडी झाली. प्रत्येक वेळी वाटायचे, आता तरी ते काही म्हणाले असते.

"रोज सांजचं तुजा बा कारखान्याच्या मागल्या दाराशी येऊन थांबायचा. आत यायचा न्हाई. तेवीस माग चालू असायचं, पर त्यातनं तुज्या मागाचा आवाज त्याला वळखू यायचा. डोळं मिटून ऐकायचा. एक दिस म्हणाला, 'आण्णाप्पा, पोराचा हात बसला. आता माज्यापरीस बरा चालतोय.' आन मला शपथ घातली, त्याला सांगायचं न्हाई, हवा शिरंल डोक्यात." आण्णाप्पा दम खायला थांबला. "तुजा बा गेला, तवा सांगायचं हुतं. र्‍हाऊन गेलं. मग तू मोठा झालास, कामात पडलास. बुधवारी सांगाय लागलो, तर तू उठलास."

सुकुमारने आण्णाप्पाचा हात दोन्ही हातांत धरला. आण्णाप्पा मागल्या दाराशी वडील कसे उभे राहत, टोपी हातात घेऊन की डोक्यावर, ते सांगत राहिला. सुकुमार पुन्हा पुन्हा विचारत राहिला. किती वेळ गेला, कळले नाही.

मग आण्णाप्पाने विचारले, "सुमन म्हणली, बाई आल्यात खाली. त्यांना वर का आणलं न्हाईस? त्यांच्याशी बी बोलायचंय मला."

सुकुमार दचकून उठला. ऊन भिंतीवरून सरकून थेट बाईंच्या अंगावर आले असणार, हे त्याच्या ध्यानात आले. सुमनकडून पाण्याची बाटली घेऊन तो भराभरा जिना उतरला. बाईंना आणायला उतरला होता. गाडी त्याच्या मनातही नव्हती.

खाली आला आणि जागीच थांबला. दारापासून मागच्या चाकापर्यंत हातभर लांब ओरखडा उमटला होता. लाल रंग निघून आतला पत्रा दिसत होता. बाई खुर्चीत तशाच बसलेल्या. नजर गाडीवर.

"बाई, हे काय झालं?"

"रिक्षा मागे घेताना घासली. वीसेक मिनिटं झाली."

"तुम्ही बघत होता ना?"

"डोळ्याची पापणी न हलवता."

"मग ओरडला नाहीत?"

"ओरडले. काठीही आपटली. माझा आवाज त्याच्यापर्यंत पोहोचायच्या आत घासून झालं होतं. रिक्षात एक म्हातारी धापा टाकत होती. मी त्याला म्हटलं, आधी तिला आत ने."

"निदान नंबर तरी टिपून घ्यायचा."

"मी गाडीवर नजर ठेवायचा शब्द दिला होता. रिक्षावर नाही."

सुकुमारचा संयम संपला. बाटली गाडीच्या टपावर ठेवून तो म्हणाला, "मग तुम्ही इथे तासभर उन्हात बसून उपयोग काय झाला?"

बाई थकल्या होत्या. कपाळावर घाम होता. त्यांचाही स्वर वैतागलेलाच होता. "तेच तुला विचारायचं होतं. अकरा महिने तू हेच करतोयस. पंगतीतून उठतोस, खिडकीशी जातोस, भोंगा वाजला की धावतोस. तुला वाटतं, तुझ्या काळजीने गाडीभोवती कुंपण उभं राहतं. आज मी तुझ्यापेक्षा मन लावून बघितलं. नजरेला हात नसतात, सुकुमार. ओरखडा यायचा तो आला. नसता आला, तरी तो माझ्या बघण्यामुळे टळला नसता. गाडी घे, चालव, पुसून लखलखीत ठेव, माझं काही म्हणणं नाही. पण तू तिला राखत नव्हतास. तू फक्त जिथे असायला हवा होतास तिथे नसायचास."

सुकुमार ओरखड्याकडे बघत उभा राहिला.

"मग हे ठाऊक असून तुम्ही बसलात कशाला?" त्याने हळू आवाजात विचारले.

"गाडीसाठी बसले होय? तू वर जावास म्हणून बसले. दुसऱ्या कोणत्याही उपायाने तू गेला नसतास."

त्याला आण्णाप्पाच्या खाटेवरचा तो तास आठवला. त्या तासात कधीतरी गाडी घासली गेली होती. तो खिडकीशी असता तर मागल्या दाराशी उभे असलेले वडील त्याला कधीच दिसले नसते. आणि ओरखडा याच जागी, एवढाच पडला असता.

"बाई," तो म्हणाला, "आण्णाप्पा तुम्हाला बोलावतायत."

"मग इतका वेळ मला इथे भांडत का ठेवलंस?" बाईंनी हात पुढे केला. त्याने त्यांना उठवले, खुर्ची रखवालदाराला परत दिली आणि त्यांच्या चालीने, एकेक पायरी थांबत, तिसऱ्या मजल्यापर्यंत त्यांना नेले.

आण्णाप्पा बाईंना बघून हसला. मग जमेल तसा बोलू लागला. त्याने बाईंना एका श्लोकाचा अर्थ विचारला, सुमनच्या लहानपणीची खोडी सांगितली, मध्येच खोकला, थांबला, पुन्हा बोलला. सहा वाजता घंटा झाली. परिचारिका दाराशी आली, आतला तो घोगरा आवाज तिने ऐकला आणि काही न बोलता पुढच्या खोलीकडे गेली.

तो आवाज उद्यापासून असणार नव्हता. तो कोणालाच राखता येणार नव्हता. ऐकता मात्र येत होता. सुकुमार ऐकत बसला.