कोऱ्या कपाळांची अवस

एका राज्यात राजा होता, पण दिवा नव्हता. नव्हता म्हणजे काय, राजानंच नेला होता!

चंडभानू त्याचं नाव. त्याला अंधाराचं भारी भय. पदरी कालांजन नावाचा मांत्रिक होता. तो म्हणाला, "महाराज, राज्यातल्या साऱ्या ज्योती एका हंड्यात कोंडा. आपल्याला अंधार शिवायचा नाही." मग प्रजेनं काय करावं, हे राजानं विचारलं नाही. तेवढी अक्कल असती तर ही गोष्ट सांगायची वेळ कशाला आली असती? मांत्रिक तांब्याचा हंडा घेऊन दारोदार फिरला. झाकण उचलायचा, श्वास आत ओढायचा, की देवापुढची ज्योत सुर्रकन हंड्यात. त्या दिवसापासून चुलीत जाळ होई, भाकरी भाजे, पण त्या जाळावर वात धरली तर पेटत नसे. अशी नऊ वर्षं गेली.

माणसाला कशाचीही सवय होते हो, पण सटवाईला कशी व्हावी? ती सहाव्या दिवशी, दिवेलागण झाली की, दिवा बघून बाळंतिणीच्या खोलीत यायची आणि बाळाच्या कपाळी नशीब लिहायची. दिवाच नाही म्हटल्यावर ती दारावरून पुढे निघून जाई, मूल कोरं राही. आणि राजाचा कायदा काय? कोऱ्या कपाळाचं मूल कुणाचंच नाही, म्हणून ते राजाचं! सात वर्षांचं झालं की शिपाई येऊन उचलून न्यायचे. आधी दिवा चोरायचा आणि त्या चोरीपायी जे उघडं पडलं तेही आपलंच म्हणायचं. वा रे न्याय!

त्या राज्यात धुरपा नावाची कुंभारीण होती. तिच्या लेकीला, चंद्राला, आश्विन सरता सरता मुलगी झाली. सहावा दिवस नेमका अवसेचा. चंद्रा बाळाला छातीशी धरून रडू लागली, "आई, सात वर्षं वाढवायची ती काय त्यांनी न्यायला?" धुरपाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं पदर खोचला आणि तडक दरबार गाठला.

"महाराज, माझ्या नातीसाठी एक ज्योत हवी."

राजा हसला. "तीन कामं कर. सुसरीच्या डोहातली माती आण, सावरीवरच्या पिंगळ्याचा कापूस आण, रानातल्या काळ्या दगडाचं तेल आण. पणती घडवून अवसेला सूर्य मावळायच्या आत ये. एक ज्योत देईन. हा राजाचा शब्द."

धुरपा डोहावर गेली. सुसरीनं तोंड वर काढलं. "माती कशाला?"

"पणतीला."

"पूर्वी बायका या डोहात दिवे सोडायच्या. त्या उजेडात मला माझी पिल्लं दिसायची. ने, हवी तेवढी ने." धुरपानं माती मळली, पणती घडवली, भाजली.

मग ती सावरीच्या झाडाखाली गेली. ढोलीतून पिंगळा म्हणाला, "कापूस नेशील. पण कुंभारणी, ऐकून जा. त्या हंड्यावर उलटा मंत्र बसलाय. स्वतःच्या घरासाठी मागेल त्याला त्याचं झाकण उघडत नाही, मग मागणारा राजा का असेना."

"म्हणजे? माझी नात काय परक्याची आहे? तिच्यासाठी मी नाही मागायचं तर कुणी मागायचं?"

"मी पक्षी. मला काय विचारतेस?" पिंगळ्यानं कापूस खाली टाकला आणि डोळे मिटले. धुरपानं त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, कापूस उचलला आणि रानाची वाट धरली.

रानातला काळा दगड बोलला, "खरं सांगशील तर पाझरेन. गावात अंधार कुणी केला?"

"राजानं!" दगड कोरडाच राहिला.

"त्या मेल्या मांत्रिकानं!" दगड कोरडाच. धुरपानं त्याला लाथ मारली आणि स्वतःचाच अंगठा ठेचून घेतला.

"तिसऱ्यांदा विचारतो," दगड म्हणाला.

ती अंगठा धरून खाली बसली. मग म्हणाली, "आमच्या आळीत पहिली ज्योत गेली ती शेजारच्या गिरजा कोष्टिणीची. तिची भिमी तेव्हा सहाव्या दिवसाची होती. गिरजा बाळंतिणीच्या अंगानं, हातात विझली पणती घेऊन माझ्या दारी आली. माझा दिवा अजून होता. मी म्हटलं, दिव्यानं दिवा लावू नये गं, घरची लक्ष्मी जाते. आणि दार लावून घेतलं. भिमी कोरी राहिली. दोन वर्षांमागं तिला शिपायांनी नेलं, तेव्हा मी खिडकीतून बघत होते." दगडातून तेल पाझरू लागलं.

अवसेला सूर्य कलला तेव्हा धुरपा दरबारात उभी राहिली. सिंहासनाच्या शेजारी हंडा होता आणि महालात मिट्ट काळोख! खांबांवर आपटून आपटून राजाच्या कपाळाला टेंगळं आली होती. मागे कोऱ्या कपाळाची पोरं पंखे घेऊन उभी होती, त्यात भिमीही होती.

"पणती आणली. शब्द पाळा."

"कसला शब्द?" राजा गुरकावला. "राजाला जाब विचारतेस?"

धुरपाचा तोल गेला. "देत नाहीस, की तुला देताच येत नाही? अरे, नऊ वर्षं झाकणाशी झटतो आहेस. सगळ्यांची घरं अंधारात लोटलीस आणि स्वतः काय मिळवलंस, ही टेंगळं? लाज वाटत नाही लेकरांकडून वारा घालून घ्यायला?"

बाहेर सूर्य डोंगराला टेकला होता. घरी चंद्रा दाराकडे डोळे लावून बसली असेल, हे धुरपाला ठाऊक होतं. ज्योत एकच मिळायची. दिव्यानं दिवा लावायचा नाही, हेही तिच्या हाडामासात मुरलेलं होतं. तरी तिनं पणती हंड्यापुढं धरली.

"मला नको. गिरजेच्या भिमीसाठी दे."

झाकण उघडलं. एक ज्योत बाहेर आली आणि वातीवर बसली. राजा धावला, पण झाकण पुन्हा मिटलं होतं. धुरपानं भिमीचा हात धरला आणि ती निघाली. शिपायांनी नऊ वर्षांत दिवा पाहिला नव्हता, ते बघतच राहिले.

गिरजानं दार उघडलं. आधी लेकीला पोटाशी धरून ती मनसोक्त रडली. मग धुरपाकडे वळली. "नऊ वर्षं लागली तुला चार पावलं चालायला?"

"लागली. शिव्या दे, ऐकून घेते. ही ज्योत तुझी." धुरपानं पणती उंबऱ्याबाहेर ठेवली.

"आणि तुझी नात? आज सहावा ना तिचा?"

गिरजा आत गेली, फडताळातली जुनी पणती आणली आणि वात ज्योतीला लावू लागली.

"अगं, नको! तुझ्या घरची लक्ष्मी जाईल."

"जाऊ दे. तुझ्या दारी तर जाईल. हाक मारली की परत येईल." आणि तिनं पणती पेटवली. पहिली ज्योत तसूभरही कमी झाली नाही.

त्या घटकेला दरबारातला हंडा तडकला. कोंडलेल्या ज्योती थव्यानं सुटल्या आणि ज्या त्या घरी गेल्या. कालांजनाची काजळी झाली. ती पोरांनी केरसुणीनं लोटून महालाबाहेर टाकली आणि आपापल्या घरची वाट धरली. सटवाईला त्या अवसेला घरोघर जावं लागलं. धुरपाच्या नातीचं तिनं लिहिलं, भिमीचं लिहिलं, दुधाचे दात पडलेल्यांचंही लिहिलं.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला धुरपाच्या दारी कुणीतरी खाकरलं. बघते तर राजा! हातात विझली पणती. सगळ्यांच्या ज्योती घरी गेल्या, पण त्याची स्वतःची अशी एकही नव्हती.

"बाई, वात लावू देशील?"

आता मेल्याला दारातून हाकलावं, असं तिला वाटलं. वाटणारच! पण विझली पणती घेऊन आलेल्याला तिनं एकदा हाकललं होतं. तिनं दात-ओठ खात आपली पणती पुढं केली.

"लाव. पण उंबऱ्याच्या आत नेलीस तर याद राख. बाहेर ठेवायची. कुणी वात घेऊन आलं तर नाही म्हणायचं नाही."

"आणि कुणी पणतीच उचलून नेली तर?"

"तर समजायचं, कुणाच्या तरी घरी लेकरू सहाव्या दिवसाचं आहे."

राजानं मान खाली घातली, ज्योत हातानं झाकली आणि पायी महालाकडे गेला. पणती त्यानं पायरीवर, उघड्यावर ठेवली. तेव्हापासून त्या राज्यात आश्विनातल्या अवसेला दिवा आधी दाराबाहेर लागतो, मग घरात. त्यांचे दिवे त्यांच्या दारी, आपले आपल्या दारी, आणि गोष्ट इथं पुरी झाली.