तीन अक्षरांचा नवरदेव

युवराज रणधीर बाराखडीत अडकले होते, आणि त्यामुळे त्यांचं लग्न अडकलं होतं.

तिवरगडची रीतच तशी होती. अंतरपाट धरायच्या आधी नवरानवरीच्या हातात पाटी द्यायची. दोघांनी देवाची शपथ घेऊन येईल तेवढं सगळं लिहायचं, आणि नवरीचं कमी भरायला हवं. एक अक्षर जरी जास्त झालं तरी वऱ्हाड माघारी. शेजारच्या राज्यात निराळंच. तिथं शिकलेली मुलगी शिकलेलाच नवरा मागायची. त्यापलीकडच्या राज्यात मुलगा जितकी बुकं शिकला तितके घोडे सासऱ्याकडून उपटायचा. तिवरगडला मात्र नवरी कमीच हवी. आणि युवराजांना लिहिता येत होतं फक्त क, ख आणि ग. म्हणजे सुनेला दोनाच्या वर अक्षरं येऊन चालणार नव्हतं.

तशा मुली गावात पोत्यानं होत्या. पण युवराजांचं मन बसलं हौसावर.

हौसा ही बोरू करणाऱ्या रावजीची मुलगी. कचेरीतल्या कारकुनांना लिहायला बोरू लागायचे, ते हे बापलेक तासून द्यायचे. बोरू नीट चालतो का, हे बघायला हौसा प्रत्येक बोरूनं दोन शब्द लिहून बघायची. हजार बोरू तासता तासता ती आपली आपणच लिहाय-वाचायला शिकली. एकदा युवराज कचेरीत आले, तर तिनं तोंडावर सांगितलं, "बोरू उलटा धरलाय." एवढ्यावर ते भाळले. इतकं स्पष्ट त्यांच्याशी कधी कुणी बोललंच नव्हतं. घरी जाऊन त्यांनी जेवण टाकलं. हीच हवी म्हणाले.

राजा भूपाळसिंहानं हौसाला दरबारात बोलावलं.

"पोरी, युवराजांशी तुझं लग्न ठरलंय."

"कुणी ठरवलं, महाराज?"

"आम्ही. अडचण एकच. तुला जास्त येतं. आठ दिवसांत सगळं विसर."

"विसरू? पदर झटकावा तसं?"

"कसं ते तू बघ. नाही विसरलीस तर तुझ्या बापानं तिवरगड सोडायचं."

हौसा घरी आली. विसरावं, तर त्या ठोंब्यासमोर जन्मभर त्याच्याहून ठोंबी होऊन बसायचं. न विसरावं, तर म्हातारा बाप परमुलखात.

"मी जातो कुठंतरी," रावजी म्हणाला. "बोरू काय, कुठल्याही ओढ्याकाठी मिळतो."

"आबा, तुम्ही कुठंही जायचं नाही. मला एक नारळ तेवढा आणून द्या."

आठव्या दिवशी ती दरबारात हजर झाली.

"विसरलीस?" राजानं विचारलं.

"नाही, महाराज. फार खटपट केली. पण वाण्याच्या पाटीवरून नुसती नजर गेली तरी 'गूळ' वाचून झालेला असतो. शिकणं सोपं होतं, ते एकटीनं जमलं. विसरणं ही अवघड विद्या. त्याला गुरूच पाहिजे. मला गुरू द्या."

"विसरायला शिकवणारा गुरू? असा माणूस आहे तरी कुठं?"

"तुमच्या शेजारीच बसलाय. तीन पंतोजींनी बारा वर्षं शिकवलं, पण तीन अक्षरांवर चौथं युवराजांनी अंगाला लागू दिलं नाही. एवढा मोठा सिद्धपुरुष अख्ख्या मुलखात दुसरा नाही."

कुणी उपरण्यात तोंड खुपसलं, कुणाला एकदम खोकला आला. राजाच्या कपाळाला आठी पडली. पण युवराज ताडकन उठले. "मी शिकवतो तिला! आजपासूनच बसवतो." रोज तिच्या शेजारी बसायला मिळणार, एवढंच त्यांना कळलं होतं.

राजानं विचार केला, पोरगं खूश आहे आणि कामही होतंय. "मंजूर," तो म्हणाला.

हौसानं युवराजांच्या हातात नारळ ठेवला, वाकून पायांना हात लावला. "गुरुजी, मला शिष्या म्हणून पदरात घ्या."

"घेतली," युवराज म्हणाले. दरबारातल्या शास्त्रीबुवांनी सवयीनं दोघांवर अक्षताही टाकल्या.

मग हौसा त्यांच्याकडे वळली. "शास्त्रीबुवा, गुरूनं शिष्येशी लग्न केलं तर चालतं का हो?"

"शिव शिव! गुरू म्हणजे बाप. असं तोंडातून काढणंसुद्धा पाप आहे, बाई."

"असं होय. बरं झालं विचारलं."

आता कुठं राजाच्या ध्यानात आलं.

"तो नारळ परत घे," राजा गरजला.

"घेते की. मग दुसरा गुरू द्या. जी विद्या शिकवायला तुमच्या राज्यात माणूस नाही, ती मला आली नाही म्हणून माझ्या बापाला हाकलणार?"

राजानं दिवाणाकडे पाहिलं, दिवाणानं शास्त्रीबुवांकडे आणि शास्त्रीबुवांनी छताकडे.

"पण मग माझं लग्न?" युवराज रडकुंडीला आले.

"गुरुजी, मला आशीर्वाद द्या आणि खाली बसा," हौसा म्हणाली.

तिथं राजाला हसू फुटलं. पोट धरून तो हसला. "अगं, सून आणायला गेलो तर माझ्या पोराला तू बाप करून ठेवलंस. म्हणजे मी तुझा आजोबा झालो."

"मग नातीचा खरा बाप गावातच राहू दे."

"राहील. पण या दिवट्याचं काय करू? दोन अक्षरांची दुसरी पोरगी शोधू?"

"पोरगी कशाला, पंतोजी शोधा."

"तिघंही पळून गेले."

"मी नाही पळायची."

"तू? पण तो तुझा गुरू ना?"

"विसरायला शिकवणारे ते. लिहायला शिकवणारी मी."

राणीसाहेब इतका वेळ गप्प होत्या. त्या पडद्याआडून म्हणाल्या, "आणि तुझं लग्न गं?"

"ते मी माझं बघेन, राणीसाहेब. माझ्याहून दोन बुकं कमी शिकलेला चालेल, चार जास्त शिकलेलाही चालेल. मला विसर म्हणणारा तेवढा नको."

पडद्याआडून राणीसाहेबांचं हसू आधी ऐकू आलं, राजाचं मागून. त्यानं हौसाला शालजोडी दिली, कचेरीशेजारचं घर दिलं, आणि पळून गेलेल्या तिन्ही पंतोजींचा पगार तिला एकटीला लावून दिला.