अण्णासाहेबांचं इसबगोल

“अण्णासाहेब म्हणे कुसुमच्या सशांचं गवत बंद...” गिरणीच्या घरघरीत एवढंच कानावर आलं आणि शेजारच्या सिंधूताई दळण तिथंच ठेवून कुसुमकडे निघाल्या.

शेड अण्णासाहेबांची, ससे कुसुमनं वाढवलेले. सिंधूताई पोचल्या तेव्हा अण्णासाहेब तिला बजावत होते, “गवत म्हणजे नुसता चोथा. खाटकाला वजनदार ससे हवेत. फक्त मक्याचा भरडा घाल, नाहीतर शेड रिकामी कर.”

“अहो, चोथ्याशिवाय ससे हगवणीनं मरतील,” कुसुम कळवळली.

“मला शिकवतेस? जे अंगी लागत नाही, ते पोटात कशाला?”

सिंधूताईंना राहवेना. “खरंय, अण्णा. मग आजपासून तुमचं रात्रीचं इसबगोलही बंद करा. ते तरी कुठं अंगी लागतं?”

अण्णासाहेबांचा हात पोटाकडे गेला. “ते चुकलं तर सकाळी माझी काय दशा होते, ठाऊक आहे?”

“अख्ख्या आळीला ठाऊक आहे. सशांचंही पोट चोथ्यावरच चालतं हो. फक्त त्यांना वाण्याकडं जाता येत नाही!”

कुसुमनं तोंडाला पदर लावला.

गिरणीतली बातमी अगदीच खोटी ठरली नाही. अण्णासाहेबांचा मान राखायला दुपारचं गवत बंद होऊन मूठभर भरडा आला. सकाळ-संध्याकाळच्या गवताबद्दल मात्र त्यांनी पुन्हा चकार शब्द काढला नाही.