प्रधानांनी देऊ केलेलं औषध

चंद्रगिरीच्या दरबारात पांगळी विणकरीण सगुणा फरफटत आली आणि तिने हिंडण्याफिरण्यासाठी चाकांचा गाडा मागितला.

प्रधान त्र्यंबकपंत म्हणाले, "असं जगून काय करणार? राजवैद्यांकडे वेदना न होता मरण देणारं औषध आहे. सक्ती नाही, तू फक्त हो म्हण."

सगुणा राजाकडे वळली. "महाराज, प्रधानजींचा मुलगा वारल्यावर त्यांनी नदीत उडी घेतली, तेव्हा आपण काय केलंत?"

"बाहेर ओढून काढलं. सावरेपर्यंत त्यांच्याजवळ बसून राहिलो."

"त्यांना मरायचं होतं, तर आपण हात दिलात. मला जगायचंय, तर मला विष का?"

प्रधानांची मान खाली गेली. तेच म्हणाले, "महाराज, सुताराला बोलवा."