आमच्या मंडळी

"पण बाबा, असल्या मंडळीचा उपयोग तरी काय?"

एलीयाबाबा ओसरीवर लसूण सोलत होते. ते सोलतच राहिले.

विचारणारा सुबोध पगारे, बोरवाडीच्या चर्चचा, म्हणजे तिथं जमणाऱ्या मंडळीचा, नवा पाळक. बायबलशास्त्राच्या परीक्षेत पहिला आलेला, आणि ते एक दिवसही न विसरलेला. बाबा त्याच चर्चमध्ये चाळीस वर्षं पाळक होते. सुबोधनं त्यांच्यापुढे बदलीचा अर्ज ठेवला होता. त्यावर बाबांनी शिफारशीच्या दोन ओळी खरडल्या की सुटला बिचारा!

"रविवारी येतात किती? अकरा. त्यातले दोघं बाकावरून भांडतात. एक आजी माझ्या उपदेशात चक्क घोरते. आणि शास्त्रात काय म्हटलंय? मंडळी म्हणजे ख्रिस्ताची वधू. अंगावर डाग नाही, सुरकुती नाही. ही का ती मंडळी?"

"हं..." बाबा म्हणाले. "मंडळी कशासाठी असते, ते आमच्या मंडळींनाच विचारू या."

सुबोधला वाटलं, आता बाबा चर्चच्या जुन्या सभासदांना बोलावणार!

बाबांनी आत तोंड करून हाक मारली, "अहो, ऐकलंत का?"

ऐकलं नव्हतं. तिसऱ्या हाकेला बाबांच्या बायको, रहेलबाई, बाहेर आल्या. हातात कालवणाचं पातेलं, पदरावर हळदीचे डाग आणि चेहऱ्यावर, देवा रे, सुरकुत्यांना जागा पुरेना.

सुबोधनं जीभ चावली. बायकोला 'आमच्या मंडळी' म्हणणारी पिढी ती! शास्त्राच्या नादात गडी मराठीच विसरला होता.

"ओरडताय कशाला? बहिरी आहे का मी?" बाई कडाडल्या. मग त्यांचं पाहुण्याकडे लक्ष गेलं. "अगंबाई, पाळकबाबा! जेवलास का रे लेकरा?"

"नाही... म्हणजे..."

"म्हणजे नाहीच. तोंड बघा कसं सुकलंय पोराचं."

त्यांनी पातेलं खाली टेकवलं, ते नेमकं अर्जावर, आणि भाकरी आणायला आत गेल्या.

 सुबोध सकाळपासून नुसत्या चहावर होता. आणि त्याला एकदम आठवलं, परवा त्याच्या दाराशी मेथीची जुडी कोणी ठेवली होती... त्या घोरणाऱ्या आजीनंच. त्यानं साधे आभारसुद्धा मानले नव्हते. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि डोळे भरून आले.

बाबा आतल्या दाराकडे बघत होते.

"बावन्न वर्षं झाली रे. तिची एकेक सुरकुती माझ्यादेखत पडलीय. देवाचे किती उपकार मानू?"

सुबोधनं पातेलं उचललं. अर्जावर गोल पिवळा डाग पडला होता. त्यानं तो कागद चुरगाळून खिशात कोंबला.

आतून बाईंनी ताटं आपटल्याचा आवाज आला.

"पण बाबा..." आता त्याचा आवाज अगदी लहान झाला होता. "ती शास्त्रातली मंडळी? ती बिनडागाची?"

बाबांनी मांडीवरची लसणाची सालं झटकली आणि पातेल्यातला डाव त्याच्या हातात दिला.

"डागांचं नवरदेव बघून घेईल. तू वाढायला घे."